काहीच त्रास नाही, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा? लक्षणांविना सिफिलिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिफिलिसबद्दल जे प्रश्न येतात त्यांत अंगावर चट्टे उठलेला माणूस क्वचितच असतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक कागद असतो. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीचा फोन आलेला असतो, गरोदरपणातल्या पहिल्या तपासण्या झालेल्या असतात, दुबईच्या नोकरीसाठी मेडिकल झालेलं असतं किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त घेतलेलं असतं. अंगाला काही नाही आणि कागदावर मात्र 'रिअॅक्टिव्ह'. हे पान त्या लोकांसाठी. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि तेच ते पुन्हा लिहिण्यापेक्षा 'अमुक प्रश्न पाहा' म्हणणं सोपं.

१. सिफिलिस म्हणजे गरमीच ना? की दुसरं काही?

गरमीच. जुन्या माणसांच्या तोंडी 'गरमी', विश्वकोशात 'उपदंश' आणि सोळाव्या शतकात भावमिश्रांनी लिहिलेल्या वैद्यकग्रंथात 'फिरंग रोग'. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, त्यांच्या नावावर हे दुखणं चढवलं गेलं. रोग दुसऱ्याच्या गावाहून आला असं सगळ्याच देशांनी म्हटलंय, आपण अपवाद नाही.

कारण एकच : ट्रेपोनेमा पॅलिडम नावाचा मळसूत्रासारखा पिळाचा जिवाणू. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो दाखवला. 'गरमी' या शब्दाचा एक तोटा मात्र सांगायला हवा. 'अंगातली उष्णता वाढली' या अर्थानेही तो वापरतात, त्यामुळे तळहातावर चट्टे आलेला माणूस सब्जा आणि गुलकंद खात बसतो, आणि चट्टे आपोआप गेले की सब्जाला श्रेय देतो. ते का जातात हे पुढच्या प्रश्नात.

२. लक्षणं नाहीत म्हणजे कधी आलीच नाहीत, की येऊन गेली?

दोन्ही शक्य आहे, आणि बहुतेकांना ते सांगता येत नाही.

संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, जिवाणू शिरला त्या जागी एक व्रण उठतो. कडा कडक, तळ स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे दुखत नाही. पुरुषाच्या लिंगावर असेल तर दिसतो. गर्भाशयाच्या तोंडाशी, गुदद्वाराच्या आत किंवा घशात असेल तर कोणाला दिसणार? जांघेत अवधाण आलं तरी 'पायाला काही लागलं असेल' म्हणून विषय संपतो. तीन ते सहा आठवड्यांत व्रण काहीही न करता भरून येतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येऊ शकतं. तळहात-तळपायावर चट्टे, तोंडात पांढरट डाग, केस पुंजक्यांनी गळणं, बारीक ताप. तेही न खाजणारं, आणि तेही आपोआप जातं. मग सुरू होते ती सुप्त अवस्था : जिवाणू शरीरात, तपासणीत रक्त पॉझिटिव्ह, अंगावर काही नाही. ही वर्षानुवर्षं चालते. संसर्गाला एक वर्ष व्हायच्या आत असेल तर तिला अलीकडची सुप्त अवस्था म्हणतात, त्यापुढे उशिराची. (जागतिक आरोग्य संघटना ही रेघ दोन वर्षांवर ओढते, म्हणून दोन डॉक्टर वेगळं बोलले तर गोंधळू नका.)

म्हणजे या रोगाच्या आयुष्यात लक्षणं असलेले दिवस थोडे आणि नसलेले दिवस फार.

३. मग धडधाकट दिसणाऱ्या लोकांत सिफिलिस किती जणांना असतो? एक आकडा सांगा.

एक आकडा सांगितला तर तो खोटा ठरेल. कोणाला तपासलं त्यावर सगळं अवलंबून आहे. तरी काही खुंट्या देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अंदाजात १५ ते ४९ वयाच्या प्रौढांपैकी साधारण ०.५ टक्के लोकांना, म्हणजे दोनशेत एकाला, सिफिलिस होता. स्त्रिया आणि पुरुष दोघांत प्रमाण जवळपास सारखंच. गरोदर स्त्रियांचा त्याच वर्षीचा जागतिक अंदाज ०.६९ टक्के. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत घरोघरच्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा १८ ते ४९ वयोगटात ०.७१ टक्के लोकांच्या रक्तात खुणा सापडल्या. हे लोक दवाखान्यात आलेले नव्हते. पाहणीत नाव निघालं म्हणून त्यांनी रक्त दिलं होतं. लक्षण नसलेल्या माणसाचा आकडा शोधायचा तर अशीच पाहणी लागते.

आता दुसरं टोक. २००० ते २०२० या काळातल्या जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा पुरुषांशी शरीरसंबंध असलेल्या पुरुषांत हे प्रमाण ७.५ टक्के निघालं, म्हणजे साध्या सरासरीच्या पंधरापट. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि एचआयव्हीसह जगणारे लोक यांच्यातही प्रमाण सरासरीपेक्षा बरंच जास्त असतं.

एक सावधगिरी. रक्तात खूण सापडणं आणि आज जिवंत संसर्ग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षांपूर्वी बरा झालेला माणूसही काही तपासण्यांत पॉझिटिव्हच दिसतो (प्रश्न १०). त्यामुळे कुठेही टक्केवारी वाचलीत की आधी विचारा : कोणती तपासणी, एक की दोन?

४. आणि ज्यांचं निदान होतं, त्यांतले किती जण लक्षणांविना असतात?

इथे अमेरिकेची नोंद उपयोगी पडते, कारण तिथे प्रत्येक रुग्णाची अवस्था लिहून घेतात. २०२३ मध्ये तिथे सिफिलिसचे एकूण २,०९,२५३ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी व्रण किंवा पुरळ या अवस्थेत सापडलेले ५३,००७. म्हणजे चौघांमागे एक. उरलेल्यांत ३,८८२ जन्मजात सिफिलिसची बाळं सोडली, तर बाकीच्यांचा पत्ता मुख्यतः रक्ताच्या तपासणीनेच लागला.

आणि हे सापडलेल्यांचं झालं. ज्यांनी रक्त कधी दिलंच नाही ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

५. पण आपल्याकडे? महाराष्ट्रात, गोव्यात किती?

आपल्याकडे घरोघरी जाऊन सिफिलिससाठी रक्त तपासणारी राष्ट्रीय पाहणी होत नाही. आकडे येतात ते तीन खिडक्यांतून : गरोदर स्त्रिया, जोखमीचे गट आणि रक्तदाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, एचआयव्हीच्या प्रहरी सर्वेक्षणात (ठरावीक केंद्रांवर पुन्हा पुन्हा होणाऱ्या पाहणीत) त्याच रक्तावर सिफिलिसही पाहते. गरोदर स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या बरंच खाली असतं, जोखमीच्या गटांत त्याच्या कितीतरी पट.

तिन्ही खिडक्यांना चौकटी आहेत. रक्तदाते आधीच प्रश्नावलीतून गाळलेले असतात, म्हणून तिथला आकडा समाजापेक्षा कमी दिसतो. गरोदर स्त्रिया समाजाच्या बऱ्याच जवळच्या, पण त्या तरुण आणि बहुतेक विवाहित. मधल्या वयाचा पुरुष, जो ना रक्त देतो ना गरोदर राहतो, तो या तिन्हींतून निसटतो. संसर्ग घरात आणणारा तोच असू शकतो, आणि त्याला तपासायला कुठलीच सक्तीची वेळ येत नाही. माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे : आपल्याला सिफिलिस बायकांत 'सापडतो', कारण आपण रक्त बायकांचं काढतो.

६. मला त्रास नाही. तरी माझ्याकडून जोडीदाराला होईल का?

पहिल्या वर्षात होऊ शकतो. सुप्त अवस्था सुरू झाली तरी त्या काळात व्रण किंवा चट्टे पुन्हा उमटू शकतात, आणि ते तुमच्या लक्षात येतीलच असं नाही. संसर्ग जुना झाला की शरीरसंबंधातून तो सहसा पसरत नाही. मात्र गरोदर स्त्रीकडून बाळाला जुन्या अवस्थेतही जाऊ शकतो (प्रश्न १२).

संडासाचं भांडं, टॉवेल, ताट-वाटी, पोहण्याचा तलाव यांतून होत नाही. शरीराबाहेर हा जिवाणू फार लवकर मरतो. ओठावर किंवा तोंडात व्रण असेल तर चुंबनातून होऊ शकतो. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण कंडोमबाहेरच्या जागी व्रण असेल तर पूर्ण टळत नाही.

७. इतकी वर्षं काही झालं नाही. उपचार नाही घेतला तर काय बिघडेल?

याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, आणि ज्या रीतीने माहीत झालं ती फार वाईट आहे.

नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात सेसार बोएक नावाच्या प्राध्यापकांनी १८९१ ते १९१० या काळात जवळजवळ दोन हजार रुग्णांना औषध दिलं नाही. त्यांच्या मते त्या काळचे पाऱ्याचे उपचार रोगाहून घातक होते, आणि ते पार चूकही नव्हते. पुढे त्या रुग्णांचा माग काढला तेव्हा दिसलं की साधारण तिघांत एकाला उशिराचे दुष्परिणाम झाले : कातडी-हाडांतल्या गाठी, महाधमनी फुगणं, मेंदू आणि मज्जारज्जूचा ऱ्हास. काहींना ते दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा झाले. बाकीचे दोनतृतीयांश त्यातून सुटले.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीचं. १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा रोग न सांगता फक्त 'निरीक्षणाखाली' ठेवलं. १९४३ मध्ये पेनिसिलिन सिफिलिसवर लागू पडतं हे कळलं, पुढे ते सगळीकडे मिळू लागलं, तरी यांना दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा हे थांबलं.

'मला काही होणार नाही' म्हणणाऱ्याच्या बाजूने तीनात दोन शक्यता आहेत, हे मी लपवत नाही. पण तिसरी शक्यता टाळायला एक ते तीन इंजेक्शनं पुरतात. शिवाय डोळा, कान आणि मेंदू यांना इजा व्हायला वीस वर्षंच लागतात असंही नाही. ती कुठल्याही अवस्थेत होऊ शकते. अचानक दृष्टी अधू झाली, कानात आवाज येऊ लागले किंवा ऐकू कमी आलं, तर रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

८. मग सगळ्यांचीच तपासणी का करत नाहीत? लग्नाआधी सक्ती करावी.

करून पाहिली आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये कनेक्टिकट राज्याने लग्नाआधी सिफिलिसची रक्ततपासणी सक्तीची केली, मग एकामागोमाग एक राज्यांनी तोच कायदा केला. पुढे लक्षात आलं की हजारो जोडपी तपासावीत तेव्हा हाताशी फार थोडे रुग्ण लागतात आणि खोटे पॉझिटिव्ह मात्र भरपूर. राज्यांनी कायदे एकेक करून मागे घेतले. खोट्या पॉझिटिव्हचं गणित पुढच्याच प्रश्नात आहे.

तपासणी करून घ्यावी अशी माणसं : प्रत्येक गरोदर स्त्री, नवा जोडीदार किंवा एकाहून अधिक जोडीदार असलेले, पुरुषांशी संबंध असलेले पुरुष (जोखमीप्रमाणे दर तीन ते सहा महिन्यांनी), एचआयव्ही किंवा दुसरा गुप्तरोग निघालेले, आणि ज्यांच्या जोडीदाराला सिफिलिस निघाला ते. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं. कुठे जायचं ते विचारायला नाकोची १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे. मराठीत बोललात तरी चालतं.

संबंध आल्यानंतर दुसऱ्या दिवशी तपासून उपयोग नाही. रक्तात खूण दिसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. आज निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा.

९. माझी व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आलीय. देवाशपथ मी असं काही केलेलं नाही. रिपोर्ट चुकीचा असेल का?

असू शकतो, आणि शपथ न घालताही मी हेच म्हटलं असतं.

व्हीडीआरएल आणि तिची बहीण आरपीआर या तपासण्या जिवाणूला शोधतच नाहीत. पेशी मोडल्या की कार्डिओलिपिन नावाचं मेदद्रव्य बाहेर पडतं, त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं त्या मोजतात. पेशी इतर कारणांनीही मोडतात : गरोदरपण, म्हातारपण, मलेरिया, विषाणूंचे ताप, कुष्ठरोग, ल्युपससारखे स्वतःवरच उलटणारे आजार. अशा वेळी टायटर (रक्त किती पट पातळ केलं तरी तपासणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) बहुधा कमी असतं, १:८ किंवा त्याखाली. पण कमी टायटर म्हणजे खोटंच, असा उलटा नियम नाही. जुन्या सुप्त सिफिलिसचं टायटरही असंच कमी असतं.

आता गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा १०,००० गरोदर स्त्रिया तपासल्या. त्यांत खरा सिफिलिस दहा जणींना आणि तपासणी शंभरात एकदा फसते. दहा खऱ्या सापडतील, पण उरलेल्या ९,९९० जणींतून सुमारे शंभर खोट्या पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 'रिअॅक्टिव्ह' कागद हातात घेतलेल्या अकरा जणींमागे रोग एकीला! आता तेच जोखमीच्या गटात करा. १०,००० मध्ये ७५० खरे, आणि खोटे सुमारे ९२. इथे दहात नऊ कागद खरे. तपासणी तीच, लॅब तीच, फक्त समोरची माणसं वेगळी.

म्हणून एका व्हीडीआरएलवर कोणाचं लग्न मोडू नये आणि कोणाला इंजेक्शनही टोचू नये. (गरोदरपण याला अपवाद, प्रश्न १२.) त्याच रक्तावर टीपीएचए किंवा तसलीच जिवाणूविशिष्ट तपासणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली, तुम्हाला लक्षणं नाहीत आणि अलीकडे जोखीम घडलेली नाही, तर तो खोटा पॉझिटिव्ह होता. तो सहा महिन्यांच्या वर टिकून राहिला तर मात्र ल्युपस वगैरेच्या दिशेने डॉक्टरांना एकदा पाहू द्या.

१०. माझं उलटं आहे. टीपीएचए पॉझिटिव्ह, व्हीडीआरएल निगेटिव्ह. म्हणजे आहे की नाही?

सगळ्यात जास्त झोप उडवणारा रिपोर्ट हाच. त्याचे अर्थ चार.

एक, पूर्वी सिफिलिस झाला आणि उपचाराने गेला. टीपीएचए बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. जखम भरली तरी वण राहतो तशी. दोन, जुना सुप्त सिफिलिस, उपचार न झालेला. वर्षं गेली की काही जणांची व्हीडीआरएल आपोआप निगेटिव्ह होते. तीन, अगदी ताजा संसर्ग, ज्यात टीपीएचए आधी जागी झाली. चार, टीपीएचएचीच चूक. मोठ्या लॅब हल्ली यंत्रावरची जिवाणूविशिष्ट तपासणी आधी करतात आणि व्हीडीआरएल नंतर, म्हणून असे रिपोर्ट वाढले आहेत.

वाट अशी : दुसऱ्या प्रकारची जिवाणूविशिष्ट तपासणी करा. तीही पॉझिटिव्ह आणि आधी उपचार झाल्याचा पुरावा नसेल तर जुना सुप्त सिफिलिस धरून औषध घ्या. ताज्या संबंधाची शक्यता असेल तर दोन ते चार आठवड्यांनी व्हीडीआरएल पुन्हा. (क्वचित टायटर फार जास्त असल्यामुळेही व्हीडीआरएल निगेटिव्ह दिसते. अंगावर पुरळ आहे आणि रिपोर्ट निगेटिव्ह आहे असं असेल तर लॅबला रक्त पातळ करून पुन्हा लावायला सांगा.)

एक पाचवा अर्थ आहे, आणि तो फक्त काही वृद्धांना लागू. आजोबा आदिवासी भागात वाढलेले असतील, तर लहानपणी झालेल्या यॉज या कातडीच्या रोगामुळेही टीपीएचए पॉझिटिव्ह येऊ शकते. यॉजचा जिवाणू सिफिलिसचा सख्खा भाऊ, पण तो पसरतो मुलामुलांत, कातडीला कातडी लागून. त्याचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. रक्ततपासणी दोघांत फरक करू शकत नाही. भारतात महाराष्ट्रासह दहा राज्यांत यॉज होता. २००३ नंतर नवा रुग्ण नाही आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश यॉजमुक्त ठरवला. तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पंचाहत्तरीच्या आजोबांचा असा रिपोर्ट आला, तर घरात कुजबुज सुरू करण्याआधी त्यांचं लहानपण कुठे गेलं ते विचारा.

११. रक्तदान केलं होतं. रक्तपेढीने 'येऊन भेटा' म्हटलंय. माझं रक्त कोणाला दिलं असेल का?

नाही. कायद्याने प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. पॉझिटिव्ह पिशवी नष्ट करतात. रक्तपेढीची तपासणी मुद्दाम संशयी असते, चुकून एखादी चांगली पिशवी फेकली तरी चालेल अशी. त्यामुळे तिचा निकाल म्हणजे तुमचं निदान नव्हे. भेटायला मात्र जा. मित्रमंडळाने शिबिर घेतलं असेल आणि कार्यकर्त्यांना कळेल अशी भीती असेल, तर रक्तपेढीला सांगा की फोन फक्त मलाच करा. पुढचं सगळं प्रश्न ९ प्रमाणे.

१२. सून गरोदर आहे, तिसरा महिना. सिफिलिसची तपासणी लिहून दिली. आमच्या घरी असलं काही नाही, करायलाच हवी का?

करायलाच हवी, आणि ती 'तुमच्या घरावर' संशय म्हणून लिहिलेली नाही. प्रत्येक गरोदर बाईची करतात. माता-बाल संरक्षण कार्डावर तिची जागाच असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीतही ती असते. हल्ली बोटाच्या थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलिस एकदमच पाहता येतात.

ही घाई का? बाईला काहीच त्रास नसताना बाळाला सगळा त्रास होतो. सिफिलिसवर उपचार न झालेल्या गरोदरपणांपैकी निम्म्याहून अधिकांत काहीतरी वाईट घडतं : पोटात बाळ जाणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जन्मजात सिफिलिस. २०२२ मध्ये जगात सुमारे ११ लाख गरोदर स्त्रियांना सिफिलिस होता आणि त्यातून ३ लाख ९० हजारांवर गरोदरपणांचा शेवट वाईट झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जन्मजात सिफिलिसची बहुतेक बाळंही जन्मतः ठणठणीत दिसतात. लक्षणांविनाचा हा सगळ्यात लहान रुग्ण.

इथे नियम वेगळा आहे. रिअॅक्टिव्ह आलं आणि आधी नीट उपचार झाल्याची नोंद नसेल, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहत आठवडे घालवायचे नाहीत. पेनिसिलिन देऊन टाकायचं आणि खात्री सोबत सुरू ठेवायची. एक अनावश्यक इंजेक्शन परवडतं. प्रसूतीच्या निदान चार आठवडे आधी उपचार व्हायला हवा. गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही. खरी अॅलर्जी असेल तर रुग्णालयात ठेवून थोड्या-थोड्या मात्रेने शरीराला सवय करतात आणि तेच देतात. आणि मुलालाही तपासणीला पाठवा. फक्त सुनेलाच नको.

१३. उपचार काय? अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांनी भागेल का? इंजेक्शनची भीती वाटते.

गोळीवर भिस्त ठेवू नका. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू जगभर पसरले आहेत. पेनिसिलिनला मात्र हा जिवाणू ऐंशी वर्षांत एकदाही निर्ढावलेला नाही.

संसर्ग एक वर्षाच्या आतला असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, एकदाच. १२ लाखांच्या दोन कुप्या असतील तर दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. जुना असेल किंवा कधीचा ते माहीत नसेल तर तेच दर आठवड्याला, तीन वेळा. लक्षण नसलेल्या बहुतेकांना तीन घ्यावी लागतात, कारण तारीख कोणालाच ठाऊक नसते. सुई जाड असते आणि दोन दिवस बसताना दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या चोवीस तासांत थंडी-ताप आला तर ती बहुधा अॅलर्जी नसते. जिवाणू एकदम मेल्यामुळे येतो तो. पॅरासिटामॉल पुरते. गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांना कळवा.

खरी अॅलर्जी असलेल्यांना (गरोदर नसल्यास) डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, १४ किंवा २८ दिवस. अॅलर्जीच्या धास्तीने पुष्कळ खासगी दवाखाने हे इंजेक्शन देत नाहीत आणि रुग्ण तीन दारं हिंडतो. सरळ सुरक्षा क्लिनिकला जा.

१४. औषध होऊन दोन वर्षं झाली. टायटर १:२ वरच अडकलंय. म्हणजे बरा झालो नाही?

सुरुवातीला किती होतं? १:३२ चं १:८ झालं तर ती चौपट घट, आणि तेवढी पुरते : ताज्या संसर्गात वर्षभरात, जुन्यात दोन वर्षांत. १:८ चं १:४ होणं किंवा उलट, हा लॅबचा रोजचा हेलकावा आहे. त्यावर ना हसावं ना रडावं. काही जणांचं टायटर खालच्या पातळीवर कायमचं थिजतं. मुळातच १:४ असेल तर चौपट खाली यायला जागाच कमी असते.

तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. आरपीआर आणि व्हीडीआरएलचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. टायटर चौपट वाढलं तर नवा संसर्ग समजा. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. आणि टीपीएचए पुन:पुन्हा करून पैसे घालवू नका, कारण प्रश्न १० मध्ये आहे.

१५. दुबईच्या मेडिकलमध्ये अडकलो. पाच वर्षांपूर्वी उपचार झाला होता, कागद हरवले.

आखाती देशांच्या मेडिकलमध्ये सिफिलिसची तपासणी असते, आणि 'जुना, बरा झालेला' हा रकाना तिथे नेहमी समजून घेतला जातोच असं नाही. कॅनडाच्या स्थलांतर तपासणीतही १५ वर्षांवरील प्रत्येकाची ती होते. तिथे उपचाराचा दाखला दिला की सहसा अडचण राहत नाही. म्हणून उपचार घेतानाच औषधाचं नाव, मात्रा, तारखा आणि टायटर लिहिलेला सहीशिक्क्याचा कागद घ्या आणि पासपोर्टसोबत ठेवा. हरवला असेल तर उपचार केलेल्या दवाखान्यातून नोंद काढता येते का पाहा. नाहीच मिळाली तर पुन्हा तीन इंजेक्शनं घेऊन नवा कागद करणं, हाच बहुधा जवळचा रस्ता. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात औषध घेऊन रिपोर्ट निगेटिव्ह करून देतो म्हणणारे एजंट फसवतात. टीपीएचए अशी पुसता येत नाही.

१६. लग्नाला अकरा वर्षं झाली. माझा पॉझिटिव्ह, त्यांचा निगेटिव्ह. (किंवा उलट.) कोणी कोणाला फसवलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बायकांकडून जास्त, बहुतेक रात्री अकरानंतर. रक्त याचं उत्तर देऊ शकत नाही.

तुमचा संसर्ग लग्नाआधीचा असू शकतो. जुना होऊन शरीरसंबंधातून पसरेनासा झाला असेल, म्हणून ते निगेटिव्ह. तुमचा रिपोर्टच खोटा असू शकतो (प्रश्न ९). त्यांचा संसर्ग इतका ताजा असू शकतो की रक्तात अजून दिसत नाही. किंवा त्यांची फक्त व्हीडीआरएल झाली असेल आणि ती काळाने निवळली असेल, टीपीएचए कोणी पाहिलीच नसेल. क्वचित जन्मापासूनचा संसर्गही मोठेपणी सापडतो. पॉझिटिव्ह आकड्यावर तारीख छापलेली नसते, आणि नावही नसतं.

करायचं ते असं. दोघांच्याही दोन्ही तपासण्या, एकाच लॅबमध्ये. तुमचा संसर्ग ताजा ठरला आणि गेल्या ९० दिवसांत संबंध आला असेल, तर त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी त्यांना औषध द्यायचं. जुना ठरला तर त्यांच्या तपासणीप्रमाणे. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध थांबवायचे. मुलं झालेली असतील आणि त्या गरोदरपणात तपासणी झाली नसेल, तर मुलांचंही रक्त एकदा बघून घ्या. त्यांना काही त्रास नसला तरी.